झाकली मूठ किती लाखांची?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलमधली तुमची टीम तीन वर्षं तळाशी आहे, बाजारात एक बॅकअप (राखीव) क्वार्टरबॅक (पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू) आलाय, त्याने जेमतेम सहा सामने स्टार्टर म्हणून (सुरुवातीपासून) खेळलेत पण झकास खेळलेत, तर त्याला मोठा करार द्यावा का? माझं मत: घ्या जरूर, पण तुमच्या कोचला तो स्वतःहून हवा असेल तरच. आणि एका वर्षात सुटता येईल अशाच करारावर.

मी बरीच वर्षं ह्यूस्टनमध्ये आहे. आमच्या इथल्या टेक्सन्स टीमने हा डाव दोनदा खेळलाय, एकदा साधला, एकदा अंगाशी आला.

2007 मध्ये अटलांटाकडून मॅट शॉब आणला. तिथे मुख्य क्वार्टरबॅक मायकल व्हिकमागे तीन वर्षांत त्याला दोनच स्टार्ट मिळाले होते. त्याच्यासाठी ड्राफ्टमधले (दरवर्षीची नव्या खेळाडूंची निवड) दुसऱ्या राउंडचे दोन पिक (खेळाडू निवडण्याचे हक्क) दिले, वर पहिल्या राउंडमध्ये आठव्यावरून दहाव्या क्रमांकावर उतरलो. 6 सामने जिंकून 10 हरलेल्या टीमला ही किंमत जडच. पण आमचा तेव्हाचा कोच गॅरी कुबियाक याची पद्धत पक्की होती: रनचा (चेंडू घेऊन पळण्याचा) भास करायचा, क्वार्टरबॅकने बाजूला सरकायचं, वेळेवर अचूक फेकायचं. शॉबला नेमकं तेच जमायचं. समोर पास झेलणारा रिसीव्हर आंद्रे जॉन्सन होताच. 2009 मध्ये शॉबने 4,770 यार्ड फेकले, लीगमध्ये सर्वाधिक. 2013 मध्ये तो पार ढासळला, सलग चार सामन्यांत पिक-सिक्स (प्रतिस्पर्ध्याने आपला पास झेलून थेट सहा गुण करणं) दिले. ते बघवत नव्हतं. तरी मधली वर्षं त्याने आम्हाला दिली, हे मी कधीच नाकारणार नाही.

मग 2016 आलं. ब्रॉक ऑसवायलर, डेन्व्हरमध्ये पेटन मॅनिंगचा बॅकअप, 2015 मध्ये सात स्टार्ट, पाच विजय. त्याला चार वर्षांचे 7.2 कोटी डॉलर दिले, त्यातले 3.7 कोटी हमीचे. त्या पाच विजयांमागे लीगमधला सर्वोत्तम डिफेन्स होता, हे कुणी मोजलंच नाही. डेन्व्हरचा कोच तेव्हा कोण? हाच कुबियाक. त्यानेच शेवटच्या साखळी सामन्यात ऑसवायलरला बसवून मॅनिंगला उतरवलं. जो रोज त्याला सरावात बघत होता, त्याचा निर्णय आमच्यासमोर होता! आणि आमचे कोच बिल ओब्रायन करारापूर्वी त्याला भेटलेसुद्धा नव्हते. त्या मोसमात 15 टचडाऊन (सहा गुणांचे स्कोअर), 16 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). डिसेंबरमध्ये तो बेंचवर. पुढच्या मार्चमध्ये त्याचा पगार गळ्यातून काढायला क्लीव्हलंडला सोबत दुसऱ्या राउंडचा पिकही द्यावा लागला. खेळाडू पाठवायचा आणि वर पिकही आपणच द्यायचा, ते वाचून मी रात्रभर हळहळलो होतो.

सिएटलचं 2012 याहून शहाणं. मॅट फ्लिनचेही दोनच स्टार्ट, त्यातल्या एकात डेट्रॉइटविरुद्ध 480 यार्ड आणि सहा टचडाऊन. त्यांनी त्याला बेताच्या पैशांत घेतलं, तरी त्याच वर्षी तिसऱ्या राउंडमध्ये रसेल विल्सन उचलला आणि सरावात दोघांना भिडू दिलं. विल्सन जिंकला. फ्लिनचे पैसे गेले, टीम नाही बुडाली.

तुमच्या टीमची मला खरी काळजी वाटते ती ऑफेन्सिव्ह लाइनची (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीची). शॉबच्या आधी आमच्याकडे डेव्हिड कार होता, 2002 चा पहिला पिक. त्या एका मोसमात तो 76 वेळा सॅक झाला (पास फेकण्याआधीच पाडला गेला), आजही तो विक्रम आहे. असा मार खाल्लेला पोरगा पुढे चेंडू हातात आला की आधी अंगावर येणाऱ्यांकडे बघतो, रिसीव्हरकडे नंतर. म्हणून आधी दोन चांगले टॅकल (त्या फळीच्या टोकांचे खेळाडू) आणा, मग क्वार्टरबॅकचं बोला.

तोवर त्याच्या सहा सामन्यांची हायलाइट्स बघू नका. त्यातला हरलेला सामना काढा आणि थर्ड डाऊनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) आठ-दहा यार्ड हवे असताना, पहिला रिसीव्हर झाकला गेल्यावर त्याची नजर कुठे जाते, तेवढंच बघा.