गाड्या ‘परत मागवल्या’? आणि स्टिअरिंगला मराठीत काय म्हणायचं?

वाचकाचा प्रश्न असा: ‘स्टिअरिंगमधल्या दोषामुळे कंपनीने गाड्या परत मागवल्या, अशी बातमी वाचली. रिकॉलसाठी हे शब्द बरोबर आहेत का? आणि स्टिअरिंगला मराठी शब्द आहे का?’

बरोबर नाहीत, आणि तरीही दर थोड्या दिवसांनी तोच मथळा छापून येतो. परत मागवायची ती आपली वस्तू, दुसऱ्याकडे राहिलेली. इथे गाडी मालकाची असते आणि त्याच्याचकडे राहते. कंपनी ती सर्व्हिस सेंटरला बोलावते, सदोष भाग फुकट बदलते, एवढंच. जुलै २०२३मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईकोच्या ८७,५९९ गाड्या बोलावल्या, त्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषामुळे. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगची हालचाल पुढच्या चाकापर्यंत पोचवणारी दांडी. ती तुटली तर हातातलं चक्र फिरतं, चाक मात्र ऐकत नाही. ‘परत मागवल्या’ वाचून एखाद्या मालकाला वाटायचं की शोरूममधल्या न विकलेल्या गाड्यांची गोष्ट आहे, आणि तो तीच गाडी घेऊन घाट उतरायचा. म्हणून सरळ ‘दुरुस्तीसाठी बोलावल्या’ लिहावं.

दुसऱ्या प्रश्नात खरी मौज आहे. स्टिअरिंगला मराठी शब्द आहे, चांगला जुना आहे: सुकाणू. आज तो होडीत आणि ‘सुकाणू समिती’त तेवढा उरलाय. समितीमुळे लोकांना तो सरकारी, संस्कृत घडणीचा वाटतो. ‘सु’ म्हणजे चांगला आणि ‘काणू’ म्हणजे कर्ण, अशी व्युत्पत्ती तर मी जाणत्या माणसांकडून ऐकली आहे. संस्कृतात ‘कर्ण’चा एक अर्थ नावेचं सुकाणू आहे, कर्णधार त्यावरूनच आला, हे कबूल. पण म्हणून सुकाणूच्या अंगावर ‘सु’ चिकटवायचा? ही व्युत्पत्ती नव्हे, ओढाताण आहे.

शब्द अरबी आहे: सुक्कान. नाखवा, खलाशी, बंदर हे शब्द ज्या समुद्रावरून आले, त्याच समुद्रावरून हाही आला. त्यातला ‘ण’ आपला, आणि त्या ‘ण’नेच सगळ्यांना चकवलं. गुजरातीत ‘सुकान’ राहिलं आणि ते धरणारा ‘सुकानी’. गुजराती वर्तमानपत्रं क्रिकेट संघाच्या कप्तानाला सुकानी म्हणतात, आपण कर्णधार म्हणतो. एक शब्द अरबी, एक संस्कृत, पण दोघांच्याही हातात नावेचं सुकाणूच!

अरबी कोशकार सांगतात, की ‘स-क-न’ म्हणजे स्थिर होणे; जे नावेला स्थिर ठेवतं ते सुक्कान. याच धातूचा ‘साकिन’, म्हणजे रहिवासी, आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘साकीन’ म्हणून भेटतो. जोडी सुंदर आहे, पण मला ती पटत नाही. सुकाणू नावेला वळवतं, थांबवत नाही. शिवाय मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकाच्या भागातल्या, प्राचीन अक्कादी भाषेत सुकाणूला ‘सिक्कान्नू’ म्हणत, आणि अरामी या तिकडच्याच दुसऱ्या जुन्या भाषेतही त्याचा भाऊबंद आहे. शब्द मेसोपोटेमियातल्या नद्यांवरचा असावा आणि अरबीने तो उचलून नंतर त्याला घरचा धातू शोधून दिला असावा, असं माझं ठाम मत आहे. आपण ‘सु + कर्ण’ करतो, तेच त्यांनी केलं.

आणि ‘सुकाणू होडीचं, मोटारीला कसं चालेल?’ म्हणणाऱ्यांनी जरा पश्चिमेकडे पाहावं. इराकात आणि आखातात मोटारीच्या स्टिअरिंगला आजही सुक्कान म्हणतात. तिथे गाडी चालवणाऱ्या मराठी माणसांच्या कानावर तो रोज पडत असेल. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत हाच शब्द ‘उसुकानी’ झाला, म्हणजे होडीचं सुकाणू आणि मोटारीचं स्टिअरिंग, दोन्ही. मोम्बासाच्या ड्रायव्हरला जे जमलं ते मालवणच्या ड्रायव्हरला का जमू नये? ‘दिशाचक्र’, ‘चालनचक्र’ असले शब्द पाडायची गरजच नाही.

गॅरेजमध्ये ‘स्टेरिंगला प्ले आलाय’ (म्हणजे ते सैल झालंय) असंच म्हणतील, खुशाल म्हणू देत. बातमीत मात्र ‘सुकाणूत दोष, गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या’ असं लिहावं. आणि ऑगस्ट २०२४मध्ये २,५५५ अल्टो के१० गाड्यांच्या स्टिअरिंग गिअरबॉक्सबाबत सांगितलं होतं तसं ‘भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका’ असं कंपनीने सांगितलं असेल, तर ते वाक्य मथळ्यातच घ्यावं.