तीन गोळ्या चालू असूनही फिट थांबत नाहीत. अपस्मारावर नवीन काय आलं आहे?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बहीण २३ वर्षांची, १४व्या वर्षापासून फिट येतात. व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम आणि क्लोबाझाम चालू आहे, तरी महिन्यात दोन-तीन झटके येतातच. पाच वर्षांपूर्वी केलेला एमआरआय नॉर्मल होता. मल्टिपल स्क्लेरोसिसवर (एमएस, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार) सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं औषध निघालंय, तसं अपस्मारावर काही आहे का? आणि स्टेम सेलचा उपयोग होईल का?

एमएससारखी एकच मोठी उडी अपस्मारात झालेली नाही, आणि त्याला कारण आहे. एमएसमध्ये नेम कुठे धरायचा ते सापडलं: रक्तातल्या बी पेशी, म्हणजे संरक्षण यंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. २०१७ साली मान्यता मिळालेलं ऑक्रेलिझुमॅब याच पेशी काढून टाकतं. सुरुवातीला दोन आठवड्यांच्या अंतराने ३०० मिग्रॅचे दोन डोस आणि पुढे दर सहा महिन्यांनी ६०० मिग्रॅ. इंटरफेरॉन या जुन्या औषधाशी तुलना केली तेव्हा अटॅकचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. अपस्मार मात्र एक आजार नव्हे. जन्मतः मेंदूचा एखादा भाग नीट न घडणं, जनुकातला बदल, जुना मार, जंतुसंसर्गाचा व्रण, गाठ, अशी कारणं वेगवेगळी आणि दिसणारं लक्षण एकच, फिट. त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असं एक औषध येणं अवघडच.

ग्लासगोच्या एका दवाखान्यातल्या १,७९५ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या औषधाने सुमारे ४६ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी साधारण १२ टक्क्यांच्या, तिसऱ्याने जेमतेम ४ टक्क्यांच्या. त्या तीसेक वर्षांत डझनभर नवी औषधं आली, तरी एकूण आकडा ६४ टक्क्यांच्या आसपासच राहिला. म्हणूनच नीट निवडलेली, पुरेशा डोसची, सोसवलेली दोन औषधं हरली की त्या अपस्माराला 'औषधांना दाद न देणारा' म्हणतात. व्याख्या २०१० सालची आहे आणि तिचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: आता चौथी, पाचवी गोळी बदलत वर्षं घालवायची नाहीत, तर अपस्मार शस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्रात पूर्ण तपासणी करून घ्यायची. शस्त्रक्रिया करायची नसली तरीही. माझ्या मते अलीकडच्या प्रगतीचा खरा फायदा इथेच आहे, आणि लोक नेमके इथेच पाच-दहा वर्षं उशिरा पोचतात.

त्याआधी एक शंका फेडून घ्या: औषधं खरंच हरलीत का? फिटचा प्रकार ओळखण्यात चूक झाली असेल तर चांगलं औषधही उलटं पडतं. उदाहरणार्थ, किशोरवयात सुरू होणारा मायोक्लोनिक अपस्मार. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात हाताला झटका बसून कप उडतो, जागरण झालं की जास्त. घरचे त्याला धांदरटपणा समजतात, डॉक्टरांना कुणी सांगत नाही, आणि कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू होतं. या प्रकारात ती औषधं झटके वाढवू शकतात. तुम्ही फिटचं वर्णन लिहिलेलं नाही, म्हणून हे बहिणीला मुद्दाम विचारा. दुसरी शक्यता अशी की काही झटके अपस्माराचे नसतातच. डोळे घट्ट मिटलेले, डोकं दोन्ही बाजूंना हलतंय, झटका थांबतो-सुरू होतो आणि दहा-पंधरा मिनिटं चालतो, असं असेल तर ते मानसिक ताणाशी जोडलेले झटके असू शकतात. ती सोंगं नसतात आणि त्यांना उपचारही आहेत, पण वेगळे. गोळ्यांचा डोस वाढवून फक्त गुंगी वाढते. बाकी नेहमीची कारणं म्हणजे चुकलेल्या गोळ्या, अपुरी झोप आणि कधीच पुरेशा डोसपर्यंत न नेलेलं औषध.

याचा निकाल व्हिडिओ ईईजीवर लागतो (ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद). अर्ध्या तासाचा साधा ईईजी दोन फिटच्या मधला असतो आणि तो नॉर्मल आला म्हणून काहीच ठरत नाही. व्हिडिओ ईईजीसाठी काही दिवस दाखल करून, देखरेखीखाली गोळ्या कमी करून, प्रत्यक्ष फिट कॅमेऱ्यात आणि ईईजीवर एकाच वेळी टिपतात. गोळ्या कमी करणं हे काम फक्त तिथलं, घरी करून बघायचं नाही.

'एमआरआय नॉर्मल' हेही पुन्हा तपासायला हवं. अपस्मारासाठीचा एमआरआय वेगळ्या पद्धतीने काढतात: शक्यतो ३ टेस्लाच्या मशीनवर, १ मिलिमीटर जाडीचे सलग काप, थ्रीडी टी१, थ्रीडी फ्लेअर, आणि हिप्पोकॅम्पसला (मेंदूतला स्मरणशक्तीशी जोडलेला भाग) काटकोनात घेतलेले टी२ काप. टी१, टी२, फ्लेअर ही एमआरआयच्या चित्रांच्या प्रकारांची नावं. नेहमीच्या एमआरआयमध्ये काप पाच मिलिमीटर जाडीचे असतात. दोन-तीन मिलिमीटरचा बिघडलेला कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, पट्टा त्यांच्यामध्ये सहज हरवतो. शिवाय फिल्म वाचणाऱ्याला ईईजीवरून कुठे शंका आहे ते माहीत असेल तर सापडण्याची शक्यता वाढते. म्हणून फक्त रिपोर्ट घेऊन जाऊ नका, मूळ सीडी घेऊन जा.

फिटचा उगम एका जागी सापडला आणि ती जागा काढण्याजोगी असेल, तर शस्त्रक्रियेची बरोबरी कुठलीही गोळी करत नाही. २००१ साली ८० जणांवर चाचणी झाली होती. टेम्पोरल लोबच्या (कानाच्या वर, मेंदूच्या बाजूचा भाग) अपस्मारात वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के जण शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, गोळ्यांच्या गटातले ८ टक्के. अलीकडे त्यात लेसरची भर पडली आहे. कवटीला काही मिलिमीटरचं छिद्र पाडून बारीक फायबर आत नेतात आणि एमआरआयवर तापमान बघत तेवढाच भाग जाळतात. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. फिट पूर्ण थांबण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा थोडं कमी पडतं, पण स्मरणशक्ती आणि शब्द आठवणं यांना कमी धक्का लागतो. डाव्या टेम्पोरल लोबचा प्रश्न असेल तर हा सौदा नीट समजून घ्यावा.

आता औषध. गेल्या काही वर्षांतलं मला सगळ्यात दखल घेण्याजोगं वाटतं ते सेनोबामेट, नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळालेलं. ते मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या, म्हणजे फोकल फिटसाठी आहे. आधीच एक ते तीन औषधं चालू असलेल्यांवरच्या चाचणीत ४०० मिग्रॅवर २१ टक्के जणांना १२ आठवड्यांच्या स्थिर टप्प्यात एकही फिट आली नाही, नुसत्या दिखाऊ गोळीवर १ टक्का. बारा आठवडे म्हणजे काही आयुष्य नव्हे, हे खरं, पण या गटात असा आकडा क्वचितच दिसतो.

हे औषध बिघडतं ते घाईमुळे. सुरुवातीच्या चाचण्यांत डोस भराभर वाढवला तेव्हा तिघांना ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी आणि आतल्या अवयवांवर परिणाम अशी ड्रेस नावाची गंभीर प्रतिक्रिया आली, त्यात एक जण दगावला. त्यानंतर १२.५ मिग्रॅपासून सुरुवात करून दर दोन आठवड्यांनीच डोस वाढवायचा नियम केला आणि तशा पद्धतीने दिलेल्या १,३३९ जणांत एकही ड्रेस झाली नाही. क्रम असा: १२.५, २५, ५०, १००, १५०, २००. प्रत्येक पायरीवर दोन आठवडे, म्हणजे २०० ला पोचायला दहा आठवडे जातात. 'महिना झाला, फरक नाही' म्हणून सोडणारे बरेच असतात. महिन्याला तर ते ५० वर नुकतेच आलेले असतात.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत क्लोबाझामकडे लक्ष हवं. सेनोबामेट क्लोबाझामच्या सक्रिय घटकाची पातळी वाढवतं, आणि मग दिवसभर झोप, तोल जाणं, अडखळतं बोलणं सुरू होतं. लोक दोष नव्या औषधाला देतात, कमी करायचं असतं ते जुनं. फेनिटॉइनचीही पातळी वाढते, लॅमोट्रिजिन आणि कार्बामाझेपिनची उतरते, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. घराण्यात ईसीजीवर क्यूटी (हृदयाच्या ठोक्याच्या विद्युत नोंदीतलं एक अंतर) आखूड असण्याचा आजार असेल तर हे औषध देत नाहीत.

शस्त्रक्रिया शक्य नसेल तर उपकरणं आहेत. व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर १९९७ पासून आहे. डाव्या कॉलरबोनखाली बॅटरी आणि मानेतल्या नसेला वायर. करंट चालू असताना आवाज घोगरा होतो. आरएनएस (२०१३) हे कवटीत बसवलेलं उपकरण मेंदूतच फिटची सुरुवात ओळखून तिथेच करंट देतं. नऊ वर्षं पाठपुरावा केलेल्यांत फिट मध्यमानाने ७५ टक्के घटल्या, पण हळूहळू, वर्षागणिक. थॅलॅमसमधलं (मेंदूच्या आत खोलवरचा भाग) डीबीएस, म्हणजे तिथे तारा बसवून करंट देणं, २०१८ चं. तिन्हींकडून फिट कमी होण्याची अपेक्षा ठेवावी. पूर्ण थांबल्या तर वरकमाई.

किटोजेनिक (स्निग्ध पदार्थ जास्त, पिष्टमय अगदी कमी) आहार मोठ्यांनाही चालतो, पण आहारतज्ज्ञाशिवाय नको. मुलांच्या दुर्मीळ प्रकारांसाठी कॅनाबिडिऑल (गांजाच्या रोपातला घटक, २०१८) आणि फेनफ्लुरामिन (२०२०) आलीत, ती ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ अशा सिंड्रोमसाठी. तुमच्या बहिणीला त्यांचा संबंध बहुधा येणार नाही. मात्र कॅनाबिडिऑलचं नाव लावून दुकानात मिळणारं तेल म्हणजे ते औषध नव्हे. त्यात किती घटक आहे याचा भरवसा नसतो, आणि कॅनाबिडिऑल व्हॅल्प्रोएटबरोबर घेतलं तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात.

स्टेम सेलबद्दल: फिट दाबणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत तयार करून हिप्पोकॅम्पसमध्ये सोडण्याच्या चाचण्या खऱ्या आहेत, पण अजून चाचण्याच आहेत. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेण्याची रीत नाही. पैसे घेऊन शिरेतून किंवा पाठीतून 'स्टेम सेल' देणारी जागा दिसली तर परत फिरा.

दोन गोष्टी मात्र याच आठवड्यात करा. पहिली, आणीबाणीचं औषध. सगळं अंग आखडून येणारी फिट पाच मिनिटांपुढे गेली की ती आपोआप थांबण्याची शक्यता घटते, आणि तीस मिनिटांपुढे मेंदूला इजा होऊ शकते. मिडाझोलॅमचा नाकात मारायचा स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घ्या. १२ वर्षांपुढच्यांसाठी एका नाकपुडीत ५ मिग्रॅ, दहा मिनिटांत फिट थांबली नाही तर दुसऱ्या नाकपुडीत आणखी ५, पण श्वास मंदावलेला असेल तर दुसरा डोस नाही. ती क्लोबाझाम घेते हे डॉक्टरांना आठवण करून द्या, कारण दोन्ही एकाच जातीची औषधं आहेत. फिट सुरू झाली की घड्याळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर पूर्ण फिट चित्रित करायला सांगा. सुरुवातीचे दहा सेकंद सगळ्यात कामाचे: डोकं कुठे वळलं, कुठला हात आधी आखडला, ती बोलत होती का.

दुसरी गोष्ट व्हॅल्प्रोएट. २३ वर्षांच्या मुलीला ते चालू आहे, आणि गरोदरपणात या औषधाने साधारण १० टक्के बाळांत मोठं व्यंग दिसतं, ३० ते ४० टक्के मुलांत बोलणं-शिकण्याचा वेग मागे पडतो. मूल हवं की नको हे ठरायच्या कितीतरी आधी न्यूरोलॉजिस्टशी ही चर्चा व्हायला हवी, कारण बदल करायचाच ठरला तर नवं औषध चढवून जुनं उतरवायला काही महिने लागतात. काही प्रकारच्या अपस्मारात त्याला तोडीस तोड पर्याय नसतो, तेव्हा डोस शक्य तितका कमी ठेवतात. हे वाचून घाबरून तिने ते स्वतःहून बंद करू नये. अचानक थांबवलं तर एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात.