मॅडम, चूक लिहिली तर मार्क जातील ना?

बीएडच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी माझ्याकडे आली होती (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). रात्री झोप लागत नाही म्हणून आलेली, पण बोलता बोलता कळलं की दुखणं वहीचं आहे. 2015 पासून बीएड दोन वर्षांचं झालं, शाळेतली इंटर्नशिप लांबली, आणि पाठ घेतल्यावर त्यावर चिंतन लिहायचं असतं. हिच्या वहीत पंधरा दिवस एकच वाक्य, 'पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी छान प्रतिसाद दिला.' म्हणाली, मॅडम खरं लिहिलं तर मार्क जातील, आणि खोटं लिहिलं की रात्री तेच डोक्यात फिरतं.

ही भीती खूप मुलं बोलून दाखवतात, आणि ती उगाच नाही, कारण वही तपासणारा माणूसच मार्क देणार असतो.

मी म्हटलं, अख्खा पाठ सोड, टोचतोय तो एकच क्षण सांग. थोडा वेळ गप्प बसली, मग सांगितलं. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज, एका मुलीने फळ्यावर 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलं, हिने "चूक, बस खाली" म्हणून दुसऱ्याला उठवलं कारण मागे निरीक्षक सर बसले होते. ती पोर मग तास संपेपर्यंत बाकावर खडूची बोटं पुसत बसली. हे सांगताना हिचेच डोळे भरले.

हेच लिही म्हटलं. ग्रॅहम गिब्ज या शिक्षणतज्ज्ञांनी 1988 मध्ये मांडलेल्या चिंतनाच्या सहा पायऱ्या तिला कॉलेजात शिकवल्या होत्या, पण ती 'काय घडलं' आणि 'काय वाटलं' इथेच अडकून स्वतःला दोष देत बसायची. खरं काम पुढे आहे, असं का झालं आणि उद्या काय करीन. त्या पोरीने वरचे वरचे, खालचे खालचे अंक मिळवले, म्हणजे तिने काहीतरी विचार केलाच होता ना! आणि घरचं, अगदी खासगी दुखणं त्या वहीत नको, त्याला वेगळी डायरी ठेव, हेही सांगितलं. चुकीपुढे 'उद्या काय' लिहिलं असेल तर वाचणाऱ्याला शिकणं दिसतं, मार्कांची खात्री मात्र मी देऊ शकत नाही, तेही स्पष्ट बोलले.

पुढच्या आठवड्यात वही घेऊन आली. लिहिलं होतं, 'मी घाबरले होते म्हणून तिला विचारलं नाही. आज तिच्या बाकाशी जाऊन विचारलं, अर्ध्या भाकरीत अजून तुकडा घातला तर अर्ध्याहून कमी होईल का? 2/5 तर अर्ध्याहून कमी. ती हसली, म्हणाली, बाई, मग माझं कुठे चुकलं ते मीच शोधते.'