वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या दिवशीची सकाळ

प्रश्न : मी आणि माझी पत्नी दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर असून बैठे काम करतो. सुटीच्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवण्यापलीकडे आमचा अनुभव नाही. चार महिन्यांनंतर आठ दिवसांत सुमारे ५०० किलोमीटरचा प्रवास करावा, असे मनात आहे. आम्हाला हे झेपेल का? त्यासाठी महाग सायकल घ्यावी लागेल का? माझा वेग पत्नीपेक्षा बराच अधिक आहे, त्याचे काय करावे?

उत्तर : झेपेल, मात्र ‘एका दिवसात आपण किती जाऊ शकतो’ हा प्रश्न आधी मनातून काढून टाकावा. हौसेच्या भरात एखाद्या दिवशी ऐंशी किलोमीटर अनेकांना जमतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या जड झालेल्या असताना पुन्हा त्याच सीटवर बसणे अवघड जाते, आणि तयारी करायची ती त्या सकाळची. म्हणून सरावासाठी लागोपाठचे दोन दिवस निवडावेत. सुरुवातीला रोज तीस किलोमीटर, मग दर पंधरवड्याला पाच-सहा वाढवत प्रवासापूर्वी साठपर्यंत यावे. शेवटचे दोन-तीन सराव पूर्ण सामान लादून करावेत, कारण लादलेली सायकल चढावर आणि ब्रेक लावताना निराळीच वागते.

आपल्या बेतात दिवसाला साठ-पासष्ट किलोमीटर येतात. ताशी १५ किलोमीटरने हे चार-सव्वाचार तासांचे काम आहे, आणि थांबे धरले तरी दिवस पुरून उरतो. फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली सफर आज हौशी सायकलस्वार करतात. तिच्या सुमारे १२०० किलोमीटरसाठी कमाल ९० तास मिळतात, म्हणजे झोपेसह सरासरी ताशी तेराच्या थोडी वर. पल्ला गाठला जातो तो वेगापेक्षा सीटवर काढलेल्या तासांमुळे, आणि त्या तासांत वारंवार, लांबलेले थांबे नसण्यामुळे.

नवी सायकल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. असलेली सायकल धडधाकट असेल, तिला चढासाठी पुरेसे हलके गिअर असतील आणि ती आपल्या उंचीची असेल, तर तेवढे पुष्कळ झाले. खर्च करायचाच तर चांगल्या टायरवर, नव्या ब्रेकपॅडवर आणि जुनी चेन बदलण्यावर करावा. मागचे चाक काढून ट्यूब बदलणे दोघांनीही घरी किमान तीनदा करून पाहावे. भर उन्हात रस्त्याच्या कडेला ते प्रथमच करण्यासारखा मनस्ताप नाही.

सीटची उंची हा विषय किरकोळ वाटतो, पण गुडघ्यांची बहुतेक गाऱ्हाणी तिथूनच सुरू होतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा, म्हणजे चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. जड गिअर रेटण्याऐवजी हलक्या गिअरमध्ये मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे मारावेत. मऊ, गुबगुबीत सीट दुकानात सुखाची वाटते आणि तिसऱ्या तासाला काचू लागते, तेव्हा त्या मोहात पडू नये. पॅड असलेली सायकलची चड्डी घ्यावी आणि ती आत दुसरे काही न घालता वापरावी. काही जणांना याचा संकोच वाटतो, पण आतल्या कपड्याची शिवणच त्वचा सोलते.

खाण्याच्या बाबतीत भुकेची वाट पाहू नये. अंगातील साठवलेली साखर जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत संपत येते, आणि ती संपल्यावर खाल्लेले लगेच कामी येत नाही. दर पाऊण तासाला थोडे खावे, पाणी घोटाघोटाने प्यावे. घाम फार येत असेल तर मीठही पोटात जायला हवे.

वेगातील फरकाची चिंता सोडावी. सपाट रस्त्यावर वेग ताशी १५ वरून २० केला, तर केवळ हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती दुपटीहून अधिक होते. तेव्हा पुढे धावून आपण आपलेच बळ उधळत असता. समोरून वारा असेल आणि रस्ता मोकळा असेल, तर आपण पुढे राहून पत्नीला मागच्या आडोशाने येऊ द्यावे, मात्र चाकाला चाक लागणार नाही एवढे अंतर राखून. चढावर ज्याने त्याने आपल्या गतीने जावे आणि माथ्यावर थांबावे. त्या पोहोचताच ‘चला’ म्हणू नये. आपली विश्रांती झालेली असते, त्यांची तेव्हा सुरू होते. सामानाचा मोठा वाटाही आपल्याच सायकलवर बांधावा. तेवढ्याने दोघांच्या वेगातील अंतर बरेच मिटेल.