दुष्काळात आम्ही घरचं पाणी वाचवतोय, पण पलीकडच्या वस्तीला त्याचा काय उपयोग?

तुम्ही लिहिलंय की घरातला वापर निम्म्यावर आणला, तरी चार गल्ल्या सोडून लोक टँकरची वाट बघत बसलेले दिसतात, मग आणखी काय करायचं. मी दोन दुष्काळी उन्हाळे टँकरवर पाणी वाटायला उभी राहिले आहे, त्यावरून सांगते. पाणी वाचवणं हे एक काम आणि ते गरजूच्या घरात पोचवणं हे दुसरं. पहिलं केलं म्हणून दुसरं आपसूक होत नाही.

दोघांचं पाणी एकाच धरणातून येत असेल, तर मात्र बचतीचा थेट फायदा होतो. केपटाउनमध्ये सलग तीन वर्षं पाऊस कमी झाला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. नळ बंद करायची वेळ आलीच, तर रांगेत माणशी २५ लिटर देण्याची तयारी होती. ती वेळ टळली. लोकांनी वापर कमी केला, पालिकेने नळाचा दाब उतरवला आणि शेतकऱ्यांनी आपल्या धरणांतलं पाणी शहरासाठी सोडलं.

घरातलं तुम्ही करताच आहात, त्यामुळे थोडक्यात. रात्री झोपताना मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय, बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीत. कपडे धुतलेलं पाणी संडासात ओता, पण साठवून ठेवू नका, दिवसभरात त्याला वास मारतो. आणि हात धुण्यात काटकसर नको. टंचाईत जुलाब पसरतात ते बऱ्याचदा तिथूनच.

आता वस्तीचं. पहिल्या उन्हाळ्यात टँकर रिकामा झाला की आम्हाला वाटायचं, झालं काम. मग एका बाईंनी विचारलं, "रांगेत कोण येत नाही ते कधी बघितलंत का?" आम्ही घरोघर फिरलो. एकटे राहणारे म्हातारे, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेली माणसं, पहाटे कामावर जाणारी जोडपी ही सगळी शेजाऱ्यांकडून अर्धी-अर्धी बादली मागून दिवस काढत होती. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. त्या दिवशी फार वाईट वाटलं. मग यादी केली, आणि टँकर आला की आधी त्या घरांचे कॅन भरायचे असं ठरवलं. तुमच्याकडे आठवड्यातला एकच तास असेल, तर तो या यादीला द्या.

आपत्तीतल्या मदतकार्यासाठी 'स्फिअर' नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. त्यांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं, घरापासून पाणी ५०० मीटरच्या आत आणि रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त खोळंबा नाही. म्हणजे १०,००० लिटरचा टँकर साडेसहाशे माणसांना जेमतेम पुरतो. हा हिशेब कागदावर मांडून अधिकाऱ्यांकडे न्या. नुसत्या "पाणी कमी पडतंय" या तक्रारीपेक्षा त्याला उत्तर देणं त्यांना भाग पडतं. टँकरची वेळही ठरवून घ्या. वेळ नक्की नसली की कुणाचा रोज बुडतो, कुणाची शाळा. आमच्याकडे टँकर वाढला नाही, फक्त वेळ ठरली, तरी रांगेतली भांडणं जवळजवळ थांबली.

टँकरचं पाणी पिण्याचं असेल तर क्लोरीन तपासायचं साधं किट मिळवा. घरी साठवायला अरुंद तोंडाचं, झाकणाचं भांडं चांगलं, त्यात हात बुडत नाही.

कुणी नवी बोअर मारायला वर्गणी मागितली तर मी देत नाही. पाऊस नसताना आणखी खोल जायचं म्हणजे बहुतेकदा शेजारच्या विहिरीचंच पाणी ओढायचं. त्यापेक्षा ज्याच्या बोअरला पाणी आहे, त्याच्याशी बोलून दिवसातला एखादा तास सगळ्यांसाठी मागून घ्या. आमच्याकडे दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने लगेच दिला.

आणखी एक काम आत्ताच, कोरड्या दिवसांतच उरकून घ्या. वस्तीतल्या एखाद्या मोठ्या इमारतीच्या छपराला पन्हळ आणि टाकी जोडा. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी उतरतं, त्यातलं थोडं वाया जाणार. पहिल्या सरीचं पाणी धूळ घेऊन येतं, तेवढं बाहेर सोडायची सोय ठेवा.