ऑइल गळतंय ते नेमकं कुठून? जुन्या गाडीवाल्यांची प्रश्नोत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याचे आहेत, गाडीखाली पडणारं इंजिन ऑइल. सोसायटीत पेव्हर ब्लॉक लागले की डाग लगेच नजरेत भरतो आणि मग सेक्रेटरींचा फोन येतो. म्हणून आज फक्त तेवढंच घेतोय.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. रोज सकाळी खाली बशीएवढा डाग असतो. मेकॅनिक म्हणतो मागचं क्रँक सील (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकाशी ऑइल अडवणारी कडी) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. घरी काही करता येईल का?

इंजिन उतरवायला इतक्यात हो म्हणू नका. ऑइल जिथे टपकतं तिथूनच ते गळतंय असं धरून चालू नका, कारण ते वर टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून निघतं, इंजिनच्या ब्लॉकवरून ओघळत चेंबरच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीच्या, कडेला येतं आणि गाडी चालली की समोरच्या वाऱ्याने मागे मागे सरकत गिअरबॉक्सच्या तोंडाशी जाऊन टपकतं, मग खाली वाकून बघणाऱ्याला वाटणारच की क्रँक सील. माझ्या फियाटलाही (पद्मिनीला आपण फियाटच म्हणतो) एका गॅरेजात हेच सांगितलं होतं, पैशांची जुळवाजुळव पण सुरू केली होती मी, आणि शेवटी निघाला काय तर ऑइल प्रेशरचा स्विच, त्याच्या वायरच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता. स्विच बदलला, गळती बंद.

तर आधी इंजिन धुवा. इंजिन पूर्ण थंड हवं, बॅटरीची वायर काढलेली, डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली. रॉकेल मिळालं तर रॉकेल नाहीतर डिझेल, जुना ब्रश घेऊन काळा थर उतरवा, कापडाने पुसा आणि रात्रभर बॉनेट उघडं ठेवून वाळू द्या, ओल्या डिझेलवर गाडी अजिबात चालू करायची नाही. दुसऱ्या दिवशी ज्या जोडांवर शंका आहे तिथे अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर उडवा, पंख्याच्या आणि बेल्टच्या बाजूला हात घालू नका. मग इंजिन दहा मिनिटं चालवून बंद करा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पांढऱ्या पावडरीवर एक करडी ओली रेघ उमटलेली दिसेल, तिचं वरचं टोक म्हणजे तुमची गळती. काहीच दिसलं नाही तर घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन या आणि परत बघा, काही गळत्या इंजिन नीट तापल्याशिवाय दिसत नाहीत.

बघायचा क्रम असा: टॅपेट कव्हर, मग इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचं पॅकिंग, प्रेशर स्विच, पुढे क्रँक पुलीमागचं सील, मग चेंबर आणि ड्रेन नट (ऑइल काढायचा नट), आणि मागचं सील सगळ्यात शेवटी. चेंबर बघायला खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, दोन्ही बाजूंना स्टँड आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही. यात घाई नको, प्लीज.

प्रश्न (ऐरोली): दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, आजोबांची फियाट मीच सांभाळतो. टॅपेट कव्हरचं कॉर्क पॅकिंग दोनदा बदललं, नट पूर्ण ताकदीने आवळले, तरी आठवड्यात परत गळायला लागलं. पॅकिंग डुप्लिकेट असेल का?

अरे, पॅकिंगला दोष देऊ नकोस, ताकदीनेच घात केलाय. कॉर्क दाबून सील होतं, पण जास्त दाबलं की ते बाहेर पिचकतं आणि नटाजवळ चिरतं. त्यातून कव्हर पडलं पत्र्याचं, नटाखालची जागा खाली दबते आणि मधला भाग वर उचलला जातो, मग तू कितीही नवीन पॅकिंग टाक, मधून ऑइल येणारच. कव्हर काढ, कडेला स्टीलची पट्टी उभी धर आणि मागून टॉर्च मार, जिथून उजेड येईल तिथे पत्रा वाकलाय. सपाट लाकडावर ठेवून छोट्या हातोडीने हळूहळू ठोकत ती कड सरळ कर.

जुनं पॅकिंग खरवडताना हेडमध्ये (कव्हरखालच्या इंजिनच्या वरच्या भागात) कापडाचे बोळे घालून ठेव, एक तुकडा आत पडला तर ऑइलच्या वाटेत अडकेल. दोन्ही बाजू थिनरने पुसून एकदम कोरड्या कर. शेलॅक (पॅकिंग चिकटवायचं द्रावण) लावायचं तर फक्त कव्हरच्या बाजूला पातळ हात, हेडची बाजू कोरडीच ठेव म्हणजे पुढच्या वेळी व्हॉल्व्ह सेट करताना कव्हर सहज निघेल आणि पॅकिंगही वाचेल. सिलिकॉनची जाड वळकटी घालतात ते मला अजिबात पटत नाही, आत सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. नट आधी हाताने, मग लहान पान्याने थोडं थोडं आळीपाळीने आवळ, पॅकिंग जरासं दबलेलं दिसलं की थांब.

प्रश्न (वाशी): जुनी अ‍ॅम्बेसेडर, १४८९ सीसी पेट्रोल. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये रोज दोन-चार थेंब. सगळं बघून झालं, वरून कोरडं आहे.

मग तुमचं खरंच मागचं आहे. पण या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतंच, तिथे क्रँकवर आटे पाडलेले असतात आणि क्रँक फिरताना ते ऑइल आत परत ढकलतात. गाडी उभी असली की एखाद-दुसरा थेंब येणं हा त्या रचनेचाच भाग आहे, त्यासाठी इंजिन खोलू नका. थेंब वाढले असतील तर आधी डिपस्टिक बघा, लेव्हल वरच्या खुणेच्या वर गेलीये का. मग ब्रीदरचा पाइप काढून साफ करा, तो तुंबला की आतल्या वाफेला वाट मिळत नाही आणि प्रेशर ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतं. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा, भकभक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मग सील-पॅकिंगवर खर्च करून उपयोग नाही. आणि क्लच सरकायला लागला, जळका वास यायला लागला, तर मात्र ऑइल क्लच प्लेटपर्यंत पोचलंय, तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, ते घरी नको.

प्रश्न (कळवा): गळती थांबवणारं लिक्विड ऑइलमध्ये टाकू का? की महाग सिंथेटिक घालू?

लिक्विड रबर सीलला थोडं फुगवतं, कॉर्क-कागदाच्या पॅकिंगला त्याचा काही उपयोग नाही. आणि पातळ सिंथेटिकने तर गळती वाढेलच. या जुन्या इंजिनांना २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० या जाड ग्रेडचं साधं ऑइल घाला, बास.

प्रश्न (नेरुळ): मारुती ८००, घरी ऑइल बदलल्यापासूनच गळतंय.

जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलंय का बघा, दोन रबरं एकावर एक बसली की गळतंच. ते नसेल तर ड्रेन नटचा वॉशर नवीन टाका.

प्रश्न (कोपरी, ठाणे): धुतलेलं काळं डिझेल आणि जुनं ऑइल कुठे टाकायचं? गटारात चालेल का?

नाही, कृपा करून नाही. आपली गटारं नाल्यात आणि नाले ठाणे खाडीत जातात. ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीतही (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आली, आणि ऑइलचा पातळ तवंगसुद्धा चिखलातल्या जिवांना बाधायला पुरतो. इंजिनखाली जुना ट्रे ठेवूनच धुवा. ऑइल आणि डिझेल वेगवेगळ्या कॅनमध्ये भरा, झाकण लावा आणि वापरलेलं ऑइल गोळा करून रिसायकलिंगला देणारं गॅरेज गाठा, फोन करून आधी विचारून घ्या. पेव्हर ब्लॉकवर पडलेल्या डागावर लाकडाचा भुसा रात्रभर दाबून ठेवा आणि सकाळी कपड्यांची पावडर टाकून घासा, तोही भुसा गटारात न लोटता पिशवीत भरून त्याच गॅरेजला विचारून द्या.