गुलमर्ग गोंडोला: पहिल्यांदाच जाताय तर

गोंडोला म्हणजे काश्मीरमधल्या गुलमर्गची केबल कार. तिचे दोन टप्पे आहेत: गुलमर्ग ते कोंगडोरी आणि तिथून वर अफरवाट डोंगरापर्यंत. दोन्ही टप्प्यांचं तिकीट वेगवेगळं असतं, ते आधीच ऑनलाइन काढा. आणि शक्यतो सकाळचाच स्लॉट घ्या, कारण दुपारी ढग येतात आणि वारा वाढला की वरचा टप्पा बंद ठेवतात. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, तर अफरवाटचं स्थानक ३,९५० मीटरच्या आसपास. इतक्या झटपट वर गेलं की डोकं जड होतं, दम लागतो. म्हणून मध्ये कोंगडोरीला उतरा, पाणी प्या, थोडं हिंडा, मग वर जा. अलपथर तळ्यापर्यंत चालायचं असेल तर स्थानिक वाटाड्या घ्याच. तिथे जूनमध्येही बर्फ असू शकतो. माझ्या मते खरी मजा उतरताना आहे. उन्हाळ्यात कोंगडोरीहून गुलमर्गपर्यंत सूचिपर्णी झाडांतून पायी या. बूट मात्र चांगल्या पकडीचे हवेत.